शत्रूचा कायदा, आपला कायदा : वेढ्यातल्या कादिझची राज्यघटना

४ डिसेंबर १८०८. माद्रिदच्या वेशीवर चामार्तिन नावाच्या गावात नेपोलियनचा मुक्काम होता. त्या एका दिवसात त्याने जे हुकूम काढले, त्यांनी स्पेनमधलं इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा देणारं धर्मन्यायालय, रद्द झालं, सरंजामदारांचे जुने हक्क गेले, प्रांताप्रांतांमधली जकात नाकी उठली आणि मठांची संख्या एक तृतीयांशावर आणायचं ठरलं. शंभर वर्षं शहाण्यासुरत्या स्पॅनिश माणसांनी मनात धरलेल्या बऱ्याचशा गोष्टी त्या कागदांवर होत्या. पण बहुतेक स्पेनने ते कागद झिडकारले. लोक त्या हुकुमांसकट ते काढणाऱ्याशीही लढत राहिले.

त्याच लढाईच्या ऐन भरात, स्पेनच्या दक्षिण टोकाला, फ्रेंच तोफांच्या टप्प्यात असलेल्या कादिझ शहरात बसून स्पॅनिश प्रतिनिधींनी ६ ऑगस्ट १८११ला सरंजामी अधिकार रद्द केले आणि २२ फेब्रुवारी १८१३ला इन्क्विझिशन रद्द केलं. एकच सुधारणा चार-पाच वर्षांत दोनदा झाली. पहिली परक्याच्या हातून आली म्हणून धुडकावली गेली. दुसरी आपल्या माणसांनी केली आणि पुढे ती नेपल्स, लिस्बन, तुरीन अशी फिरत थेट गोव्याच्या किनाऱ्याला लागली.

फ्रेंच क्रांतीच्या युद्धांनी युरोपभर राष्ट्रवाद आणि उदारमतवाद पसरवला, असं आपण शाळेत एका ओळीत शिकलो. ती ओळ खोटी नाही, पण ती वाचताना वाटतं की फ्रेंच सैनिकांच्या पाठपिशव्यांत हे विचार भरलेले होते आणि ते जातील तिथे सांडत गेले. कादिझचं प्रकरण नीट पाहिलं की कळतं, सगळ्यात दूर गेलेला विचार फ्रेंचांशी लढणाऱ्यांच्या हातून गेला.

राजा गेला, मग राज्य कुणाचं?

ऑक्टोबर १८०७मध्ये फाँतेनब्लोला फ्रान्स आणि स्पेन यांच्यात करार झाला. पोर्तुगाल वाटून घ्यायचा आणि त्यासाठी फ्रेंच फौजेला स्पेनमधून वाट द्यायची, असं ठरलं. फौज आली ती पाहुणी म्हणून, पण हळूहळू किल्ले ताब्यात घेऊन बसली. मार्च १८०८मध्ये आरांहुएझला लोकांनी दंगा केला, सर्वाधिकारी गोदॉय पडला, चौथ्या कार्लोसने गादी सोडली आणि मुलगा फर्नांदो सातवा राजा झाला. बापलेकांचं भांडण सोडवतो म्हणून नेपोलियनने दोघांनाही सीमेपलीकडे बायोन गावी बोलावून घेतलं. २ मे रोजी माद्रिदचे लोक सुऱ्या-दगड घेऊन फ्रेंच सेनापती मुरातच्या घोडदळावर तुटून पडले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी फ्रेंचांनी धरपकड करून माणसांना गोळ्या घातल्या. त्यानंतर चार दिवसांच्या आत बापलेक दोघांनीही बायोनमध्ये राज्यावरचा हक्क सोडला. आपलं वतन कुणाच्या नावे लिहून द्यावं, तसं एक अख्खं साम्राज्य कागदावर दुसऱ्याच्या नावे झालं. नेपोलियनने ते भाऊ जोसेफला दिलं.

या सगळ्या प्रकरणाची नाडी इथे आहे. जोसेफ बोनापार्ट काही दुष्ट राजा नव्हता. त्याने बायोनमध्येच एक लिखित संविधान जाहीर केलं, त्याला सुधारणा हव्या होत्या आणि कितीतरी सुशिक्षित स्पॅनिश माणसं मनापासून त्याच्या बाजूला गेली. ज्यांच्यावर पुढे 'फ्रेंचाळलेले' असा शिक्का बसला, त्यांच्यात देशाचं भलं चिंतणारे पुष्कळ होते. पण राज्य ही राजघराण्याची मालमत्ता असेल तरच ती अशी हस्तांतरित होते. ते हस्तांतर नाकारायचं, तर राज्य राजाच्या मालकीचं नाही असं म्हणणं भाग होतं. एरवी जे वाक्य तत्त्वज्ञांच्या बैठकीत राहिलं असतं, ते १८०८च्या उन्हाळ्यात गावोगावच्या माणसांच्या तोंडी आलं, कारण त्याशिवाय त्यांच्या लढ्याला पायाच उरत नव्हता.

अस्तुरियास, सेव्हिल, वालेन्सिया, सारागोसा, जिथे जमेल तिथे लोकांनी जुंटा म्हणजे लढाऊ पंचायती उभ्या केल्या. राजा बंदीत असताना सत्ता समाजाकडे परत येते, अशी मांडणी स्पेनच्या धर्मशास्त्री पंडितांत जुनी होती, त्यामुळे पाद्री आणि वकील दोघांनाही ती ओळखीची वाटली. १९ जुलैला बायलेनजवळ स्पॅनिश जनरल कास्तान्योसच्या सैन्याने फ्रेंच सेनापती दुपाँच्या फौजेला शरण आणलं. १७-१८ हजार फ्रेंच सैनिकांनी हत्यारं खाली ठेवली. जोसेफ माद्रिद सोडून निघाला. नेपोलियनची मोठी फौज उघड्या मैदानात हात वर करते, हे युरोपने प्रथमच पाहिलं.

मग नेपोलियन स्वतः आला आणि चित्र पालटलं. नोव्हेंबर १८०९मध्ये ओकान्याला स्पॅनिश सैन्याचा धुव्वा उडाला, जानेवारी १८१०मध्ये आंदालुसिया पडला. सगळ्या जुंटांच्या वर नेमलेली मध्यवर्ती जुंटा पळत पळत दक्षिणेच्या टोकाला पोचली आणि विसर्जित झाली.

रानातले आणि शहरातले

पुढचा भाग सांगण्याआधी एक सावधगिरी. डोंगरदऱ्यांत जे लढत होते ते राष्ट्राच्या सार्वभौमत्वासाठी लढत होते, असं समजू नये. 'गेरिला' हा शब्द याच युद्धातून जगाच्या भाषांत गेला. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'छोटं युद्ध'. गनिमी कावा ज्यांच्या रक्तात आहे त्या मराठी वाचकाला त्याची रीत समजावून सांगायला नको : रसद तोडायची, जासूद पकडायचे, तुकडी एकटी सापडली की घाला घालायचा आणि पांगायचं. पण बहुतेकांच्या ओठांवर राजा, धर्म आणि आपलं गाव हेच शब्द होते. फ्रेंच फौज जिथे मुक्काम करी तिथलं धान्य, जनावरं, चर्चमधली चांदी सगळं नेई. त्याचा सूड घ्यायला माणसं बंदूक उचलत होती.

दोन माणसं शेजारी ठेवून पाहावीत. हुआन मार्तीन हा कास्तिलमधला शेतकरी, 'एल एम्पेसिनादो' या टोपणनावाने गाजलेला. हेरोनिमो मेरिनो हा बुर्गोसकडच्या एका खेड्यातला पाद्री. दोघांनीही फ्रेंचांना सळो की पळो केलं. युद्ध संपल्यावर मात्र वाटा फुटल्या. एम्पेसिनादो राज्यघटनेच्या बाजूने उभा राहिला आणि ज्या राजासाठी तो सहा वर्षं लढला, त्याच राजाच्या राज्यात १८२५मध्ये फासावर चढला. मेरिनो शेवटपर्यंत राजसत्ता आणि चर्चसाठी लढला आणि परागंदा होऊन फ्रान्समध्ये, म्हणजे जुन्या शत्रूच्याच देशात वारला. एका युद्धाने 'राष्ट्र' हा शब्द दोघांनाही दिला, पण दोघांनी त्यात वेगवेगळा अर्थ भरला. राष्ट्रवाद आणि उदारमतवाद हे शब्द आपण सयामी जुळ्यांसारखे एका दमात उच्चारतो. स्पेनमध्ये ते जन्मापासून वेगळे चालत होते. कधी हातात हात घालून, कधी एकमेकांच्या उरावर.

पाण्याने वाचवलेलं शहर

कादिझ समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर वसलेलं आहे. मुख्य भूमीशी त्याचा संबंध वाळूच्या एका अरुंद पट्टीपुरता, आणि त्याही आधी लेओन बेट आणि खाडी लागते. आल्बुरकेर्केच्या सरदाराने आपलं सैन्य दौडत आणून फ्रेंचांच्या आधी ते गाठलं आणि शहर वाचलं. मार्शल व्हिक्टरने ५ फेब्रुवारी १८१०ला घातलेला वेढा २४ ऑगस्ट १८१२पर्यंत, म्हणजे अडीच वर्षं चालला. जमिनीकडून फ्रेंच, समुद्राकडून ब्रिटिश आरमाराचं पाठबळ. पाच वर्षांपूर्वी ट्राफल्गारच्या लढाईत याच ब्रिटिशांनी याच बंदरातून निघालेलं आरमार बुडवलं होतं, आणि आता तेच राखणदार होते.

शहर साधं नव्हतं. १७१७पासून स्पेनचा अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींशी चालणारा व्यापार इथूनच हाकला जाई. त्यामुळे परदेशी व्यापारी, पुस्तकं, पैसा, बातम्या यांना इथे तोटा नव्हता. आता त्यात देशभरातून पळून आलेले वकील, पाद्री, अधिकारी, पत्रकार येऊन पडले. घरं अपुरी, पिवळ्या तापाची साथ आणि लांबून येणारे तोफगोळे. इतकी वेगवेगळी माणसं इतक्या लहान जागेत कोंडली गेली की वादाला उसंत मिळेना.

२४ सप्टेंबर १८१०ला लेओन बेटावरच्या एका नाट्यगृहात कोर्तेस भरली. कोर्तेस म्हणजे स्पेनची जुनी प्रतिनिधिसभा. पण ही जुन्यासारखी सरदार, धर्मगुरू आणि शहरं अशी वेगवेगळी बसली नाही. सुमारे शंभर जण एकत्र बसले. जे प्रांत फ्रेंचांच्या ताब्यात होते किंवा समुद्रापार होते, त्यांचे कादिझमध्ये अडकलेले रहिवासी बदली प्रतिनिधी म्हणून निवडले गेले. पहिल्याच दिवशी सालामांका विद्यापीठाचे माजी कुलगुरू आणि पाद्री दिएगो मुन्योस तोरेरो बोलायला उठले आणि राष्ट्राचं सार्वभौमत्व या सभेत आहे, असा ठराव त्यांनी मांडला. तो त्याच रात्री मंजूर झाला. राजाच्या नावाने कारभार पाहणाऱ्या मंडळाचे प्रमुख ओरेन्सेचे बिशप होते. त्यांनी अशी शपथ घ्यायला नकार दिला. दोन्ही बाजूंना पाद्रीच उभे आहेत, हे लक्षात घ्यावं. सभासदांत जवळजवळ तिसरा हिस्सा धर्मगुरूंचा होता. चर्च विरुद्ध क्रांती हा पॅरिसचा साचा इथे बसत नाही.

१० नोव्हेंबरला राजकीय लेखनावरची पूर्वतपासणी उठली आणि वर्तमानपत्रांचा पूर आला. सभेत आणि कॉफीगृहांत दोन गट दिसू लागले. एका गटाने स्वतःला 'लिबेरालेस' म्हटलं आणि विरोधकांना 'सेर्व्हिलेस', म्हणजे हुजरे, असं हिणवलं. लिबरल हा शब्द उदार, दिलदार या अर्थी जुनाच होता. राजकीय पक्षाचं नाव म्हणून तो पहिल्यांदा रुळला तो या वेढलेल्या शहरात. आज आपण 'लिबरल' म्हणून कुणाचं कौतुक करतो किंवा कुणाला शिवी देतो, तेव्हा कादिझचीच भाषा बोलत असतो.

१९ मार्च १८१२

संत जोसेफच्या सणाला राज्यघटना जाहीर झाली. जोसेफ नावाचं स्पॅनिश लाडकं रूप पेपे, म्हणून लोकांनी या घटनेला 'ला पेपा' म्हटलं. जोसेफ बोनापार्टचाही नामदिन तोच. कलमं ३८४. पहिलं कलम सांगतं की दोन्ही गोलार्धांतल्या सर्व स्पॅनिश लोकांचा समुदाय म्हणजे स्पॅनिश राष्ट्र. दुसरं सांगतं की हे राष्ट्र स्वतंत्र आहे आणि ते कोणत्याही घराण्याची किंवा व्यक्तीची मालमत्ता नाही, होऊही शकत नाही. मला या घटनेतलं सगळ्यात जिवंत कलम हेच वाटतं, कारण ते बायोनला दिलेलं सरळ उत्तर आहे. तिसऱ्या कलमाने सार्वभौमत्व राष्ट्राकडे दिलं. पुढे एकच सभागृह, राजाला मर्यादित नकाराधिकार, ७० हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी आणि पॅरिश (एका चर्चखालचा परिसर), तालुका, प्रांत अशा पायऱ्यांनी होणारी निवडणूक. मतासाठी मालमत्तेची अट नव्हती, आणि १८१२च्या युरोपात ही फार मोठी गोष्ट होती. १८३०नंतर मात्र नव्या मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे, असं ठरलं. तोवर शाळा काढू, असा त्यामागचा विश्वास होता.

यातलं बरंच फ्रान्सच्या १७९१च्या घटनेतून घेतलेलं आहे, आणि ते सभेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण आगुस्तिन आर्ग्वेयेस यांच्या हातच्या प्रास्ताविकात ठासून सांगितलं की यात नवं काहीच नाही, हे सगळं आपल्या कास्तिल-आरागोनच्या जुन्या कायद्यांत आहे. काही अभ्यासक याला पांघरूण म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. आपल्याकडेही नवा विचार मांडताना आपण संतांचा आधार देतो तेव्हा तो नेहमीच डाव नसतो. आपल्याच घरात हे होतं, असं माणसाला खरोखर वाटू लागतं. शिवाय शत्रूच्या शब्दांनी शत्रूशी लढणाऱ्याला ते शब्द आपले करून घेण्यावाचून दुसरी वाट नसते.

या घटनेचे डागही तितकेच ठळक आहेत. बाराव्या कलमाने कॅथलिक धर्म हाच राष्ट्राचा धर्म आणि इतर कोणत्याही धर्माच्या आचरणाला बंदी, असं म्हटलं. अमेरिकेतल्या आदिवासींना नागरिक मानलं, पण आफ्रिकी वंशाचा अंश असलेल्यांना नागरिकत्वाचं दार जवळजवळ बंद ठेवलं. त्यांची गणती केली तर अमेरिकेला स्पेनपेक्षा जास्त जागा मिळाल्या असत्या, हा हिशेब त्यामागे होता. घरगडी मतदानाबाहेर, स्त्रिया तर कुठेच नाहीत. पेरूचे प्रतिनिधी दिओनिसिओ इंका युपांकी यांनी डिसेंबर १८१०मध्येच सभेला सुनावलं होतं की दुसऱ्याला दडपणारं राष्ट्र स्वतंत्र असू शकत नाही. सभेने ऐकलं, पण अमेरिकेला समान हिस्सा काही दिला नाही. मेक्सिकोत तेव्हा बंड पेटलेलं होतं.

वेढा उठला तो जुलै १८१२मध्ये सालामांकाला ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने फ्रेंचांना हरवल्यामुळे. हाच वेलिंग्टन, म्हणजे आर्थर वेलस्ली, १८०३मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. एकाच माणसाने मराठ्यांचं राज्य खिळखिळं केलं आणि स्पेनचं स्वातंत्र्य राखायला हातभार लावला.

मार्च १८१४मध्ये फर्नांदो परतला. ६९ प्रतिनिधींनीच त्याला घटना मोडण्याची विनंती केली. ४ मे रोजी वालेन्सियात त्याने हुकूम काढला की हे सगळं कधी घडलंच नाही असं समजावं. १० मेच्या रात्री माद्रिदमध्ये लिबरल नेत्यांची धरपकड झाली. अनेक गावांत घटनेचे फलक लोकांनीच उखडले. हे वाचताना त्रास होतो, पण त्याचं कारण समजतं. खेड्यातल्या माणसाला घटनेतून प्रत्यक्ष मिळालं फार थोडं. सरंजामी हक्क गेले तरी जमीन बहुतेक ठिकाणी सरदाराचीच राहिली. बंदीतल्या राजाला मात्र लोकांनी सहा वर्षं उरात जपलं होतं.

सैनिकांनी नेलेली घटना

१ जानेवारी १८२०ला अमेरिकेतली बंडं मोडायला निघालेल्या फौजेतला अधिकारी राफाएल रिएगो याने सेव्हिलजवळच्या काबेसास दे सान हुआन गावात सैनिकांसमोर १८१२ची घटना पुन्हा जाहीर केली. मार्चमध्ये राजाला ती मान्य करावी लागली, आणि मग वणवा पसरला. जुलैत नेपल्समध्ये कार्बोनारी या गुप्त संघटनेने आणि सैन्याने उठाव केला. त्यांनी नवी घटना लिहीत बसायचं नाकारलं. स्पेनचीच हवी, लागतील ते बदल नंतर करू, असा आग्रह धरला. उठावाचा सेनापती गुलिएल्मो पेपे हा मुरातच्या राजवटीत नेपल्सच्या तुकड्यांसह स्पेनमध्ये फ्रेंचांच्या बाजूने लढून आला होता. २ मेला माद्रिदकरांवर घोडे घालणारा तोच मुरात नंतर नेपल्सचा राजा झाला होता, आणि त्याच्याच अधिकाऱ्याने, ज्यांना चिरडायला तो गेला होता त्यांची घटना आपल्या देशात आणली.

१७९१ची फ्रेंच घटना का नाही? माझ्या मते उत्तर साधं आहे. फ्रेंच घटनेला गिलोटिनचा वास होता. कादिझच्या घटनेत राजा होता, कॅथलिक धर्म होता आणि ती नेपोलियनशी लढणाऱ्यांनी लिहिलेली होती. तिच्यावर बोट ठेवून 'हे जॅकोबिनांचं, म्हणजे फ्रेंच क्रांतीतल्या जहालांचं, कारस्थान' म्हणणं सोपं नव्हतं.

ऑगस्टमध्ये पोर्तुगालात पोर्तो उठलं आणि तिथली निवडणूक कादिझच्या पद्धतीने झाली. मार्च १८२१मध्ये उत्तर इटलीतल्या पीदमाँतच्या तुरीनमध्ये तात्पुरता कारभारी असलेला राजपुत्र कार्लो आल्बेर्तो याने स्पॅनिश घटना जाहीर केली. त्याच महिन्यात ऑस्ट्रियाच्या फौजेने नेपल्सचं राज्य मोडलं, एप्रिलमध्ये पीदमाँतचं. १८२३मध्ये फ्रान्सची फौज पुन्हा स्पेनमध्ये घुसली, या वेळी बूर्बों राजाचा झेंडा घेऊन, आणि शेवटची लढाई पुन्हा कादिझलाच झाली. त्रोकादेरोच्या किल्ल्यावर चढणाऱ्यांत कार्लो आल्बेर्तोही होता. घराण्याची माफी मिळवायला तो, दोन वर्षांपूर्वी स्वतः जाहीर केलेल्या घटनेविरुद्ध लढायला आला होता. पुढे राजा झालेल्या याच माणसाने १८४८मध्ये प्रजेला जी घटना दिली, ती पुढे एकीकृत इटलीची झाली आणि १९४७च्या अखेरीपर्यंत कागदोपत्री टिकली. रिएगोला नोव्हेंबर १८२३मध्ये माद्रिदच्या चौकात फाशी दिली. मुन्योस तोरेरो १८२९मध्ये पोर्तुगालच्या तुरुंगात वारले.

हिंदी महासागराच्या या काठाला

नेपल्स पडल्याची बातमी ऑगस्ट १८२१मध्ये कोलकात्यात राममोहन रॉय यांना कळली तेव्हा त्यांनी संपादक जेम्स सिल्क बकिंगहॅम यांना पत्र लिहून ठरलेली भेट रद्द केली. मन इतकं खचलं होतं. स्पॅनिश घटनेची एक प्रत फिलिपिन्स कंपनी या स्पॅनिश व्यापारी कंपनीने त्यांनाच अर्पण केली होती.

गोव्यात मात्र हा विषय बातमीपुरता राहिला नाही. पोर्तुगालच्या क्रांतीची खबर आली आणि १६ सप्टेंबर १८२१ला इथल्या व्हाइसरॉयला पदावरून काढून जुंटा नेमली गेली. १७५४पासून गोव्यात छापखान्याला बंदी होती. आता मुंबईहून छापखाना आणला गेला आणि डिसेंबर १८२१मध्ये 'गाझेता दे गोवा' निघू लागलं. जानेवारी १८२२मध्ये लिस्बनच्या सभेसाठी तीन प्रतिनिधी निवडले गेले, त्यांत बेर्नार्दो पेरेस द सिल्वा आणि कॉन्स्टान्सियो रोक द कोस्ता हे दोन गोमंतकीय होते.

त्या वेळी निवडून गेलेले पेरेस द सिल्वा जानेवारी १८३५मध्ये गोव्याचे प्रमुख म्हणून परतले. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलात त्या जागी बसलेला हा एकमेव गोमंतकीय. कागदावर पोर्तुगालची आणि गोव्याची माणसं एकाच राष्ट्राची नागरिक होती. गोव्यातल्या पोर्तुगीज वंशाच्या लष्करी मंडळींना तो कागद मान्य नव्हता. त्यांनी बंड करून पेरेस द सिल्वा यांना काही दिवसांतच खाली खेचलं. पेरेस द सिल्वा यांनी मुंबईचा आसरा घेतला आणि नंतर काही काळ दमणमधून आपला कारभार चालू ठेवला.